सेमी इंग्रजी : कोणत्या इयत्तेपासून आणि कोणत्या तयारीवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : मराठी माध्यम, सेमी की इंग्रजी? शाळाही याच तीन पाट्यांमध्ये उत्तर देऊन मोकळ्या होतात. ज्या घरात इंग्रजीचा वावर नाही, तिथल्या मुलाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कोणता विषय कोणत्या इयत्तेपासून इंग्रजीत शिकवणार आणि तोवर मुलाला इंग्रजी किती वाचता येत असेल? हे न पाहता सरसकट पहिलीपासून सेमी सुरू करण्याचा जो सपाटा चालला आहे, त्याला आमचा विरोध आहे. सेमीला नाही.

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय मराठीत. आधी हे आठवीपासून असे, मग पाचवीवर आले, आता पहिलीवर. पण पहिली-दुसरीला विज्ञान हा स्वतंत्र विषयच नसतो. तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास असतो आणि सामान्य विज्ञानाचे पुस्तक सहावीत हातात येते. म्हणजे ‘पहिलीपासून सेमी’चा खरा अर्थ पहिलीपासून गणित इंग्रजीत, एवढाच. इंग्रजी हा विषय तर राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून आहेच. तेव्हा या पाटीने इंग्रजीची तासिका वाढत नाही, गणिताच्या तासाची भाषा तेवढी बदलते.

ती बदलल्याने काय होते? सुरुवातीला फायदाच दिसतो, हे मान्य केले पाहिजे. सदतीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून मुले ७३ लिहितात. एकोणपन्नासमध्ये तर चार आणि नऊ दोन्ही ऐकू येत नाहीत. थर्टी-सेव्हन, फॉर्टी-नाइन जसे बोलले जाते तसेच लिहिले जाते. (याच अडचणीवर तेवीसऐवजी ‘वीस तीन’ अशा वाचनाचा तोडगा २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात आला आणि किती गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल.) थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फॉर्टी यांची गल्लत सोडली तर इंग्रजी संख्यावाचन मुले लवकर उचलतात. त्यामुळे पहिलीच्या वर्षअखेरीस पालक खूश असतात.

गाडी अडते ती शाब्दिक उदाहरणांपाशी, साधारण तिसरीत. ‘सबट्रॅक्ट एट फ्रॉम फिफ्टीन’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘पंधरातून आठ वजा करा’ म्हणताना पंधरा आधी येतो, मांडणीतही आधी येतो. इंग्रजीत आठ आधी दिसतो आणि मूल ८ – १५ मांडून बसते. ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ मधला लेफ्ट त्याला कवायतीतल्या लेफ्ट-राइटमुळे ‘डावा’ म्हणूनच माहीत असतो. ‘रामकडे सीतेपेक्षा पाच आंबे जास्त आहेत, रामकडे बारा आहेत, तर सीतेकडे किती?’ हे उदाहरण इंग्रजीत आले आणि त्यात ‘मोर’ (जास्त) दिसला की मुले बेरीज करून सतरा लिहितात. ही चूक मराठीतही होते, पण मराठीत शिक्षक तेच उदाहरण चार प्रकारे फिरवून सांगू शकतात. इंग्रजीत पुस्तकातले वाक्य मोठ्याने पुन्हा वाचण्यापलीकडे बऱ्याच ठिकाणी काही होत नाही. मग मुले वाक्य सोडून फक्त आकडे पाहायला शिकतात : मोठा आकडा वर, लहान खाली, चिन्ह अंदाजाने.

अशा मुलाला गणित येत नाही की इंग्रजी, हे कळायला पाच मिनिटे पुरतात. एकच उदाहरण आधी त्याला इंग्रजीत स्वतः वाचून सोडवू द्या. अडला तर तेच इंग्रजीत वाचून दाखवा. तरी अडला तर मराठीत सांगा. वाचून दाखवल्यावर सुटले तर वाचन कच्चे आहे, मराठीत सुटले तर इंग्रजी वाक्यरचना कळलेली नाही, आणि मराठीतही सुटले नाही तरच गणिताची संकल्पना कच्ची आहे. तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत. आपल्याकडे तिन्ही मुलांना एकच शेरा मिळतो, ‘सराव हवा’, आणि एकच शिकवणी लागते.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक भेद मांडला आहे. परकी भाषा रोजच्या बोलण्यापुरती यायला साधारण दोन वर्षे लागतात. त्याच भाषेत विषय समजून घेण्याइतकी ती यायला पाच ते सात. हे अंदाज स्थलांतरित मुलांचे आहेत. त्यांच्या मैदानावर, बसमध्ये, दुकानात इंग्रजीच कानावर पडते. आपल्या मुलाच्या कानावर ती दिवसाला दोन-तीन तासिका पडते. परदेशातल्या शाळांचे नमुने इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यामुळेच. तिथे एखादा शिक्षक अशा दोन-चार मुलांना बाजूला घेऊन मदत करू शकतो. इथे अख्खा वर्गच त्या दोन-चार मुलांसारखा असतो, म्हणून मदत तासाच्या आतच बसवावी लागते.

ती बसवता येते. चाळीस मिनिटांच्या तासात पहिली दहा-बारा मिनिटे संकल्पना मराठीत, वस्तू हातात देऊन. मग फळ्यावर पाच-सहा इंग्रजी शब्द मराठी अर्थासह, जास्त नकोत. त्यानंतर एकच वाक्याचा साचा, उदाहरणार्थ ‘डॅश इज ग्रेटर दॅन डॅश बाय डॅश’, आणि तो प्रत्येक मुलाने वेगळे आकडे घालून मोठ्याने बोलायचा. पुस्तकातला उदाहरणसंग्रह त्यानंतर. बहुतेक वर्गांत हा क्रम उलटा असतो : पुस्तकातले वाक्य आधी, त्याचे घाईघाईत भाषांतर मग, आणि बोलणे नाहीच. बालभारतीची मराठी व इंग्रजी माध्यमाची गणिताची पुस्तके धडावार जुळतात आणि संकेतस्थळावर मोफत मिळतात. सेमीच्या मुलाच्या घरी दोन्ही उघडलेली असावीत. पाढे मात्र एकाच भाषेत पाठ करून घ्यावेत. घरी आजी ‘बे एके बे’ म्हणून घेत असेल तर तेच चालू द्या. पाढा पाठ असला की ‘सेव्हन सिक्सेस’ कानावर पडल्यावर सात सक बेचाळीस आठवायला वेळ लागत नाही.

आमच्या मते बहुसंख्य मुलांसाठी योग्य क्रम असा. पहिली-दुसरीत इंग्रजी फक्त ऐकायची-बोलायची; स्पेलिंगची घोकंपट्टी नको. जोडाक्षरांसह मराठी वाचन पक्के झाले की इंग्रजी वाचन सुरू करायचे. एका अक्षराचा एकच उच्चार अशी सवय असलेल्या मुलाला ‘सी’ कधी क तर कधी स होतो, हे आधी सांगावे लागते. ॲ आणि ऑ आपल्या वर्णमालेत आहेत, ते इथे फार कामी येतात. गणित पाचवीपासून आणि विज्ञान सहावीपासून इंग्रजीत. एका अटीवर : चौथीच्या अखेरीस मुलाने न पाहिलेला आठ-दहा ओळींचा सोपा इंग्रजी उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे, मराठीत का होईना, दिली पाहिजेत. ते जमत नसेल तर आठवीपर्यंत थांबावे. नुकसान काही नाही. नववीत मात्र माध्यम बदलू नये. एका वर्षात दहावीची भाषा बदलणे अंगाशी येते.

गोंडी, कोरकू, भिली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना मराठी हीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते. तिथे पहिलीपासून सेमी म्हणजे तिसऱ्या भाषेतून बेरीज. याचा विचार जिल्हा पातळीवर होताना दिसत नाही.

पूर्ण इंग्रजी माध्यमाबद्दल थोडक्यात. घरी कोणी इंग्रजी वाचून दाखवणारे नसेल आणि शाळेत पहिली दोन वर्षे मराठीतून समजावण्याची मुभा नसेल, तर मूल उत्तरे पाठ करून चौथीपर्यंत पास होत राहते आणि पाचवीत त्याला मराठी शाळेत आणले जाते. तेव्हा त्याचे मराठी वाचनही दुसरीच्या पातळीवर असते. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश घेणाऱ्या पालकांनी ही मुभा शाळेला आधीच विचारावी.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांची अडचण अकरावी विज्ञानाला येते, कारण तिथे विज्ञान आणि गणित इंग्रजीतच असते. परावर्तन, अपवर्तन, संयुजा, आम्लारी, त्वरण, गुणसूत्र हे सगळे त्यांना येत असते. फक्त नावे नवी असतात. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत कंसात इंग्रजी संज्ञा छापलेल्या आहेत, पण परीक्षेला नसल्याने कोणी वाचत नाही. नववी-दहावीत प्रत्येक धड्यातल्या दहा-बारा संज्ञा वहीच्या शेवटच्या पानांवर दोन भाषांत लिहून घेतल्या आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी पहिले दोन आठवडे त्याच वहीवरून शिकवले, तर हुशार मुले पहिल्या चाचणीतच विज्ञान सोडण्याच्या गोष्टी करणार नाहीत.

शिक्षण विभागाकडे एक मागणी. प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक शाळेने सूचनाफलकावर चार गोष्टी लिहाव्यात : कोणता विषय कोणत्या इयत्तेपासून इंग्रजीत, कोणते पुस्तक वापरणार, तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना इंग्रजीतून शिकवण्याचे प्रशिक्षण झाले आहे का, आणि पहिल्या वर्षी परीक्षेत मराठीत लिहिलेले उत्तर ग्राह्य धरणार का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पालकांनी आधीचे तीन पुन्हा विचारावेत.

आपले,
प्राथमिक व माध्यमिक शाळांतील काही गणित-इंग्रजी शिक्षक