कंगवा

अरे मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, जेवण द्यायचं न् गोळ्या द्यायच्या, एवढंच तर काम तुझं, तेव्हा स्वारगेटला इतका गोंगाट होता की मी नुसतं हं म्हटलं, पण ते डोक्यातून जाईना. आज नाईट आहे, सगळे झोपलेत, म्हणून लिहितोय.

आमच्या धायरीच्या हाफवे होममधे, म्हणजे मानसिक आजारातून सावरणारी माणसं हॉस्पिटल न् घर यांच्या मधल्या टप्प्यात राहतात तिथे, एक काका आहेत. स्किझोफ्रेनिया, बरीच वर्षं हॉस्पिटलात काढली, घरी न्यायला कोणी नव्हतं म्हणून. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे ना, त्यात कलम १९ मधे स्पष्ट लिहिलंय की घरचे स्वीकारत नाहीत एवढ्यावरून कुणाला आत ठेवायचं नाही, तर काका असे आमच्याकडे आले. खिशात कायम छोटा काळा कंगवा, दोन दात तुटलेला, सकाळी खोबरेल लावून भांग पाडल्याशिवाय चहाला येत नाहीत.

एप्रिलमधे ऑफिसातून निरोप आला, उकाडा आहे, उवांची कटकट नको, न्हावी येतोय, सगळ्यांचं टक्कल करून घ्या. काका खुर्चीत बसले खरे, पण कंगवा मुठीत असा गच्च धरला होता की नखं पांढरी पडलेली. तोंडाने एक अक्षर नाही. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही तर माणूस 'नाही' तरी कसं म्हणणार रे? मी न्हाव्याला म्हटलं थांबा, आधी विचारू दे. काका म्हणाले, "नको."

मग ऑफिसात बोलाचाली झाली. उवा झाल्या तर तू काढणार का? म्हटलं काढीन. कलम २० दाखवलं, सक्तीने मुंडण करायचं नाही, स्वतःचे कपडे घालू द्यायचे, काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा, सगळं आहे त्यात. मला भीती वाटत होती, नोकरी जाईल म्हणून, पण आपणच गप्प बसलो तर त्यांच्या बाजूने दुसरं आहे कोण तिथे?

आता फोनचं चाललंय. एकाचा भाऊ म्हणतो, त्याला फोन देऊ नका, उगाच त्रास देतो. कलम २६ प्रमाणे फोन करायचा हक्क त्याचा आहे, भावाला उचलायचा नसेल तर त्याने उचलू नये, पण आम्ही कसा काढून घेणार? सोमवारी मीटिंग आहे, बोलणारे मी.

आणि हो, काका रविवारी एकटे धायरी फाट्याच्या सलूनमधे जाऊन आले. फक्त कानावरचे बारीक केले, उरलेले सुट्टे पैसे मला दाखवून परत खिशात ठेवले, कंगव्याशेजारी.

तुझाच