दातेरी रुळांवरचे इंजिन

होबार्ट, टास्मानिया

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात क्वीन्सटाउन या खाणगावातून वेस्ट कोस्ट वाइल्डरनेस रेल्वेच्या वाफेच्या गाडीने किंग नदीच्या दरीपर्यंत जाऊन आले. आईला रानाविषयी ऐकायचे असेल, ते पुढे लिहितेच; पण आपली सारी नोकरी भुसावळच्या लोको शेडमध्ये झाली, म्हणून आधी इंजिनाविषयी.

थळ घाटात 37 फुटांना 1 फूट चढ आहे आणि त्यासाठी गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावतात, हे आपणच आम्हांला सांगितले होते. येथे सर्वांत कठीण जागी 16 फुटांना 1 फूट चढ आहे, आणि तरीही एकटे इंजिन गाडी वर नेते. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या पद्धतीप्रमाणे रुळांच्या मधोमध दोन दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. त्यांचे दाते मुद्दाम मागेपुढे ठेवलेले असल्यामुळे इंजिनाखालच्या दातेरी चाकांची पकड क्षणभरही सुटत नाही. या चाकांसाठी सिलिंडरांची वेगळी जोडी आहे. चढ लागताच ती जोडीही कामाला लागते आणि धुराड्यातून दोन निरनिराळे ठेके एकदम ऐकू येऊ लागतात. तो आवाज ऐकताना आपण शेजारी हवे होतात, असे फार वाटले.

हा मार्ग माउंट लायेलच्या खाणीतले तांबे बंदराकडे नेण्यासाठी 1890 च्या दशकात बांधला गेला, 1963 साली बंद पडला आणि 2002 मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाला. ग्लासगोच्या ड्यूब्स कारखान्यातली मूळ इंजिने अजून चालती ठेवली आहेत.

आईला सांगावे की रिनाडीनाची चढण ओलांडल्यावर डबिल बॅरिल स्थानकापर्यंत एका बाजूला खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला नेच्यांनी व शेवाळाने झाकलेला ओला कडा असतो. मात्र क्वीन्सटाउनभोवतीचे डोंगर अजूनही पुष्कळसे उघडे आहेत. भट्ट्यांसाठी झाडे तोडली, उरलेली गंधकाच्या धुराने मेली आणि पावसाने माती वाहून नेली; किंग नदीतही खाणीचा गाळ कित्येक दशके सोडला जात होता. एवढे घनदाट रान आणि एवढी ओसाडी एकाच प्रवासात पाहून मन अस्वस्थ झाले.

चढणीवरच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण दादाच्या फोनवर पाठवले आहे. दोन्ही ठेके आपल्याला वेगळे ओळखू येतात का, ते अवश्य कळवावे.

आपली आज्ञाधारक कन्या