सिस्टर, तुम्ही आमचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत

आदरणीय सिस्टर,

कारखान्याच्या नर्स म्हणून तुम्ही निरोप घेतलात त्या दिवशी माझी रात्रपाळी होती, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण शिशात, सॉल्व्हंटमध्ये, रंगाच्या वाफेत काम करणाऱ्या आणखी कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल.

बॅटरीच्या प्लेटा रचायच्या टेबलावर मी अकरा वर्षं उभा आहे. पोटात कळा यायच्या, पोट साफ होत नव्हतं, घरी उगाच चिडचिड व्हायची. बाहेरच्या डॉक्टरांनी दोनदा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मी काम काय करतो हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुम्ही पहिलाच प्रश्न केलात, "कुठल्या टेबलावर असतोस?"

रक्त घ्यायच्या आधी तुम्ही मला दंडापर्यंत हात साबणाने दोनदा धुवायला लावलात. खरं सांगतो, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मग तुम्ही समजावलंत, की कातडीवरची शिशाची धूळ सुईबरोबर नमुन्यात गेली तर आकडा खोटाच वाढतो आणि त्या आकड्याचा कुणालाच उपयोग राहत नाही. इतक्या काळजीने माझं रक्त त्याआधी कुणी घेतलं नव्हतं.

रिपोर्ट आला ३६, म्हणजे एका डेसिलिटर रक्तात ३६ मायक्रोग्रॅम शिसं. सुपरवायझर म्हणाले, "मर्यादेत आहे, काळजी नको." तुम्ही तुमची जुनी वही उघडलीत. त्याआधीचे माझे दोन आकडे होते १९ आणि २७. अमेरिकेच्या १९७८ सालच्या नियमात रक्तातलं शिसं ६० झालं की माणसाला शिशाच्या कामावरून हलवतात, असं सांगून तुम्ही म्हणालात, "ही कामावरून हटवायची रेषा आहे, तब्येत चांगली असल्याचा दाखला नाही. दहाच्या खालीही रक्तदाब वाढू शकतो. तुझा आकडा तुझ्याच मागच्या आकड्याशी ताडून बघायचा." एवढी वर्षं मी रिपोर्टवर फक्त 'नॉर्मल' हा शब्द शोधत आलो होतो.

तुम्ही तिथेच थांबला असता तरी मी आभार मानले असते. पण तुम्ही आमच्या टेबलावरच्या चौघांचे आकडे एका कागदावर मांडलेत, नावं न घालता. चौघांचेही चढत होते. तोवर आम्हाला एकच ऐकू यायचं : हात नीट धुवा, मास्क नीट लावा. जणू चूक आमचीच. तुम्ही स्वतः खाली आलात, टिश्यू पेपरची एक पट्टी धूळ ओढून घेणाऱ्या सक्शनच्या तोंडाशी धरलीत. ती आत ओढली जायला हवी होती. ती नुसती लोंबकळत राहिली. डक्ट, म्हणजे ती धूळ वाहून नेणारा पाइप, तुंबला होता. तो साफ झाला, पंखा बदलला, आणि चौघांचेही आकडे उतरायला लागले.

मला तुम्ही दुसऱ्या कामावर बदली मिळवून दिलीत, पगाराला हात न लागता. साहेबांना फक्त एवढंच कळवलंत, की याला शिशापासून लांब ठेवा. माझा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर गेला नाही. नोकरीच्या भीतीने दुखणं लपवणारे आमच्यात किती आहेत, हे तुम्हाला माहीत होतं.

आणि तो प्रश्न, जो मी आजही विसरलो नाही : "कामाचे कपडे घरी कोण धुतं?" बायको धुवायची, मुलीच्या कपड्यांबरोबरच. दारातून आत आलो की मुलगी त्याच शर्टाला मिठी मारायची. मुलांसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानत नाहीत, हे तुम्ही हळू आवाजात सांगितलंत आणि लगेच तिची तपासणी करून घेतलीत. आता कपडे कारखान्यातच धुतले जातात, मी अंघोळ करून घरी जातो.

मागच्या तपासणीत माझा आकडा १४ आला. तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. रक्तातलं आधी उतरलं, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर येत राहणार, म्हणून उतार सावकाश आहे. कळा थांबल्या आहेत. जाताना तुम्ही आम्हा प्रत्येकाच्या हातात आपापल्या सगळ्या आकड्यांची प्रत दिलीत. नोकरी बदलली तरी हा कागद पुढच्या डॉक्टरांना दाखव, असं बजावलंत. तो मी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलाय. नव्या सिस्टरनी परवा त्याच्यावर पुढचा आकडा लिहिला.

तुमचा,
प्लेटांच्या टेबलावरचा एक कामगार