आधी बिघाडांची वही

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आई-बाबांना सा. न.

वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, मिळेल ते करतोस म्हणून कमीपणा वाटतो, आणि टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं यंत्र बनवून कंपनी काढायची आहे, असं लिहिलंस. मला खटकलं ते वेगळंच. रोज इतके बिघाड हाताखालून जातात आणि तू एकही टिपून ठेवत नाहीस! वही घाल. तारीख, यंत्र, लक्षण, खरं कारण, बदललेला भाग, आणि तेच यंत्र परत आलं का. शंभरेक नोंदी झाल्या की परत आलेली तेवढी वेगळी काढ. धंदा त्यांतच सापडेल.

आगगाडीत वर्तमानपत्रं विकलेल्या, तारयंत्रावर नोकरी केलेल्या एडिसनला १८६९ साली पहिलं पेटंट मिळालं ते मतनोंदणी यंत्राचं. यंत्र चांगलं होतं, पण लोकप्रतिनिधींना मतदान झटपट उरकायचंच नव्हतं. म्हणून आधी लोकांची अडचण बघ, मग यंत्र.

आता तुझं टाकीचं यंत्र. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सळ्यांना सतत डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) दिलास तर इलेक्ट्रोलिसिसने (प्रवाहामुळे पाण्यात होणाऱ्या रासायनिक क्रियेने) धन बाजूची सळी झिजते आणि पातळी चुकीची दिसते. स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घे, मोजण्यापुरता काही मिलिसेकंदच प्रवाह सोड, दर वेळी दिशा उलटव. खरं तर साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) लावलास तर ही कटकटच नको.

रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा स्विच) जास्त छळेल. मोटार सुरू होताना नेहमीच्या सहा-आठ पट करंट ओढते. छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात, मोटार बंदच होत नाही, टाकी वाहते. म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटारीचा भार पेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालव. रिलेच्या डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लाव, पट्टीची बाजू प्लसकडे. कॉन्टॅक्टरची कॉइल एसी असेल तर तिथे डायोड चालत नाही. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (एक्स२, म्हणजे थेट मेन्सवर लावायच्या वर्गाचाच) सिरीजमध्ये जोडून कॉइलला समांतर लाव. नाहीतर मोटार बंद होताना मायक्रोकंट्रोलर (यंत्राचा प्रोग्राम चालवणारी चिप) रीसेट होईल आणि तू प्रोग्राममध्ये चूक शोधत बसशील.

पाचच नग कर, अनोळखी लोकांकडे तीन महिने लाव. नातेवाइकांकडे नको, ते भिडेपोटी तक्रार करत नाहीत. किंमत धरताना डबा, वायर आणि दुरुस्तीच्या फेऱ्याही धर. एखाद्याने पैसे मोजून दुसरा नग मागेपर्यंत कंपनीच्या नोंदणीची घाई नको.

मोटार किती एचपीची, सिंगल फेज की थ्री फेज, ते कळव. कॉन्टॅक्टर त्यावर ठरेल.

तुझा,
दादा