दुसरा मंगळवार

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय मन्या,

ऑक्टोबरात तुझा मेसेज आला होता, "टाकलंस का अकरा?" म्हणजे विंडोज 11, आणि मी नुसता अंगठा पाठवला. तू समजलास, सगळं झकास पार पडलं. अरे, समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून वेळ मारून नेली होती. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांचा पहिला लोंढा ओसरला, आज दुकान बंद आहे. तेव्हा खरं उत्तर आज लिहितो. मोठं आहे, चहा घेऊन बस.

सप्टेंबरपासून दुकानातल्या कॉम्प्युटरवर दर दोन दिवसांनी अख्खा पडदा भरून सूचना यायची की 14 ऑक्टोबरनंतर विंडोज 10 ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. मी "नंतर आठवण करा" दाबत राहिलो. पण ऋचाने धरलंच. म्हणाली, "बाबा, लोकांची आधार कार्डं, फोटो, सगळं तुमच्या मशीनवर येतं. उद्या काही झालं तर?" पोरीचं म्हणणं बरोबर होतं. 12 तारखेला, रविवारी, तिने बैठक मारली. तुला आठवत असेल, त्या मशीनवर मी मुद्दाम 32 बिटचं विंडोज ठेवलं होतं, आपल्या जुन्या फॉन्टच्या पॅकेजसाठी. तूच 2019 मध्ये बसवून दिलं होतंस आणि वर बोललाही होतास, "आठ जीबी रॅम घेऊन अर्धी वाया घालवणारा तू एकटाच." तर विंडोज 11 हे 32 बिटमध्ये येतच नाही, फक्त 64 बिटमध्ये येतं. म्हणजे जुन्यावर नवं चढवता येत नाही, सगळं पुसून पहिल्यापासून. ऋचाने बॅकअप घेतला, पुसलं, टाकलं. संध्याकाळी साडेसहाला मशीन नव्या नवरीसारखं नटून उभं. मीसुद्धा खूश झालो, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, डोंगल खोचला (फॉन्टच्या पॅकेजची किल्लीच ती, खोचल्याशिवाय पॅकेज उघडत नाही). मशीन म्हणालं, हे उपकरण ओळखता येत नाही. काढला, पुसला, मागच्या बाजूला खोचला. तेच. कंपनीला फोन केला (नाव घेत नाही, वीस वर्षं त्यांच्यावर पोट भरलंय), तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, तुमच्या व्हर्जनला 64 बिटचा ड्रायव्हर नाहीये. नवीन व्हर्जन घ्यावं लागेल." किती विचारलं. त्याने आकडा सांगितला. मी फोन ठेवला.

आता यात तुला, हिंजवडीतल्या माणसाला, कदाचित गंमत वाटेल. पण त्या डोंगलच्या मागे माझी 2004 पासूनची कामं आहेत. आमच्या धंद्यात जुनी फाइल म्हणजे काय असतं ते तुम्हा लोकांना कळत नाही. माणूस येतो आणि म्हणतो, "थोरल्याची पत्रिका 2009 ला तुमच्याकडेच केली होती, तश्शीच धाकट्याची करा." तो गणपती, ती महिरप, तोच मजकूर, फक्त नावं आणि मुहूर्त बदला. ती फाइल उघडली तर माझं काम वीस मिनिटांचं. नाही उघडली तर अर्धा दिवस. आणि फॉन्टशिवाय उघडली तर पडद्यावर मराठी नसतंच. टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली इंग्रजी अक्षरं. कारण त्या फॉन्टांत 'क'च्या जागी 'क' कधी नव्हताच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं. सोंग उतरलं की मूळचा चेहरा दिसतो, तसं.

दहाला गिऱ्हाईक येणार होतं. कोपरीचे, निवृत्त शिक्षक, मुलीचं लग्न, आणि विषय कोणता शिकवायचे तर मराठी! संन्यासी माळ्यावर होता (संन्यासी कोण ते पुढे सांगतो). मग ऋचाने फोनवरून सांगितलं तसा एक कन्व्हर्टर शोधला, जुना मजकूर त्यात टाकला, युनिकोड (म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी) करून घेतला आणि घाईघाईत प्रूफ काढलं.

गुरुजींनी चष्मा लावला, शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढलं. पहिलीच ओळ, "आपली उपिस्थती हाच आमचा आहेर". त्यांनी काही न बोलता गोल केला. खाली "आर्शीवाद". दुसरा गोल. त्याच्या खाली "िवनंती", वेलांटी एकटीच पुढे उभी, 'व'ची वाट बघत. तिसरा गोल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडे कंपोझिटर बदलला का?"

काय सांगू त्यांना? जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर नंतर, रफार तर सगळ्यात शेवटी येतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चारासारखा. ते बदलताना कन्व्हर्टर अडखळतो, रफार एक घर जास्त मागे नेऊन ठेवतो. हे सगळं मी त्यांना सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "अहो, पण ही पत्रिका परवा देवापुढे ठेवायचीय." मी गप्प बसलो. रात्री दीडपर्यंत बसून अक्षरन् अक्षर हाताने दुरुस्त केलं.

गंमत म्हणजे त्या रात्री मला सगळ्यात जास्त राग डोंगलचा आला नाही. राग आला तो स्टार्टच्या बटणाचा. हसू नकोस. तीस वर्षं माझा हात खाली डाव्या कोपऱ्यात जातोय. आता ते बटण मध्यात येऊन बसलंय आणि दुसरा एखादा प्रोग्राम उघडला की डावीकडे सरकतं. उजवं क्लिक करावं तर यादी अर्धीच दिसते, उरलेली बघायला "आणखी पर्याय दाखवा" दाबा. दिवसाला दोनशे वेळा मी उजवं क्लिक करतो. दोनशे वेळा मला कोणीतरी विचारतं की तुम्हाला नक्की काय हवंय. ऋचाने दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन बटण डावीकडे आणून दिलं, दोन मिनिटांत. पण मुळात हलवलं कोणी आणि का? माझी तक्रार होती? तुझी होती?

तुला आपलं विंडोज पंच्याण्णव आठवतं? तू लॅमिंग्टन रोडवरून तेरा फ्लॉप्या आणल्या होत्यास (कुठून, कशा ते आता विचारत नाही), आणि बाराव्या फ्लॉपीला मशीनने मान टाकली. पुन्हा गाडीचे धक्के खात ग्रँट रोड. रात्री अकराला ते निळं आभाळ आणि ढग पडद्यावर आले तेव्हा आपण दोघं नाचलो होतो. दादा खालून ओरडले, "काय पेटलं का वर?" म्हणजे नव्याची मला कधी अॅलर्जी नव्हती. तेव्हा आपण नव्याला आणायला जायचो. आता ते रात्री न विचारता घरात शिरतं आणि सकाळी आपणच त्याला पाहुण्यासारखं विचारायचं, बाबा, माझी बसायची जागा कुठे?

दादांना मी हे सगळं सांगितलं. शहाऐंशी पूर्ण झाली, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कान शाबूत. त्यांची ती छपाईच्या खिळ्यांची रिकामी केस अजून दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगलेली आहे. ऐकता ऐकता उठले, केसपाशी गेले आणि एकेका खणात बोट घालत म्हणायला लागले, "हा क. हा त. हा आ-कार. इथे अर्धा स." एकदाही चाचपडले नाहीत. छपाईचं ट्रेडल मशीन विकून एकोणतीस वर्षं झाली! मग म्हणाले, "मालक तीन बदलले, पण खणाला कोणी हात लावला नाही. लावला असता तर कंपोझिटर उठून गेले असते."

मला तेच म्हणायचं होतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आता तुझी बाजू, कारण तू चिडला असशील. तू म्हणणार, अपडेट नाही केलं तर काय होतं ते 2017 मध्ये बघितलंस ना? बघितलं. मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस आला, त्याचं भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच निघाला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते रडले. जूनमध्ये त्याचाच भाऊ नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल बंद पडलं. माझे साडू क्लिअरिंगचं काम करतात, त्यांचे दोन कंटेनर तिकडे अडकले होते. ट्रेलरच्या रांगेचं वर्णन त्यांच्याकडून आम्ही आठवडाभर ऐकलं. पण मन्या, तो नॉटपेट्या शिरला कुठून हे तूच मला सांगितलं होतंस. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणजे न करणारा मेला आणि इमानाने करणाराही मेला. आमच्यासारख्याने नेमकं काय शिकायचं यातून?

तरी पॅचच्या बाबतीत मी तुझ्याशी भांडत नाही. भोक पडलं की बुजवलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलावलं तर त्याने नळ दुरुस्त करून जावं. जाताजाता देव्हारा हलवून का जातो? आणि वर "तुमचा अनुभव सुधारला आहे" असं का सांगतो? दोन्ही कामं एकाच थैलीत भरून पाठवतात, म्हणून लोक थैलीच परत पाठवतात. आमच्या जिन्यात बघ. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका, त्यांनी दोनशे पानी वहीत पायऱ्या लिहून ठेवल्यात, "डावीकडे खाली चौकोन दाबणे, मग तिसरी ओळ". प्रत्येक बदलाला वहीतलं एक पान खोडलं जातं आणि ते वही घेऊन माझ्याकडे येतात, चेहरा असा की परीक्षेत नापास झालेत. स्वतःलाच दोष देतात रे. "आता डोकं चालत नाही माझं," म्हणतात. त्यांना कोण सांगणार की डोकं चालतंय, पान दुसऱ्याने बदललंय. राम मारुती रोडवरचा आपला सीए मित्र तर 31 मार्च उलटल्याशिवाय कशालाच हात लावू देत नाही. नीलम सगळ्यांत हुशार. तिने लॅपटॉपच्या अपडेटच्या सूचनेवर कधीच काही दाबलेलं नाही, ती सरळ झाकण बंद करते.

बाकी ओरडल्याने मायक्रोसॉफ्टवाले ऐकतात हेही खरं. 2012 ला विंडोज 8 मध्ये स्टार्टचं बटणच उडवलं होतं, जगभर बोंब झाली आणि वर्षभरात 8.1 मध्ये ते मुकाट परत आणून ठेवलं. शब्दाला मात्र पक्के नाहीत. 2015 मध्ये त्यांच्याच एका माणसाने जाहीर भाषणात सांगितलं होतं की 10 हे शेवटचं विंडोज. तू मला रात्री फोन करून ही बातमी दिली होतीस, "सुटलास लेका, आता जन्मभर बघायला नको." जन्म सहा वर्षांत संपला, 11 आलं.

आणि ते दुसरं मशीन, 2016 चं, ज्यावर नीलम बिलं करते? एकदम ठणठणीत. पण प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि 11 ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0, म्हणजे सुरक्षेची चिप. आमच्या गल्लीत पालिका इमारतींना सी-1, म्हणजे अतिधोकादायक, ठरवते ना, तसं वाटलं. फरक इतकाच, की पालिका तडे बघून नोटीस लावते, इथे तडा एकही नाही. त्याला एक वर्षाची मुदतवाढ घेतली आहे, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. पुढच्या दिवाळीला पुन्हा हेच रडगाणं. विंडोजऐवजी लिनक्स टाक म्हणशील, त्याची पाच वर्षंवाली आवृत्ती घे म्हणशील. घेतली असती. डोंगल तिथेही चालत नाही.

तर संन्यासी. तो म्हणजे 2010 चा विंडोज 7 वाला डबा. इंटरनेट नाही, वायफाय नाही, जगाशी संबंध फक्त पेन ड्राइव्हचा. तो पेन ड्राइव्हही ऋचा आधी तपासते मग देते. बुधवारी माळ्यावरून काढला, धूळ झटकली, डोंगल खोचला आणि एका क्षणात फॉन्ट हजर. गुरुजींची दुसरी पत्रिका, म्हणजे घरच्या केळवणाची, त्यावरच केली. एकही लाल गोल आला नाही. सध्या व्यवस्था अशी, की नवं काम युनिकोडमध्ये 11 वर, जुन्या फायली संन्याशाकडे, आणि रोज रात्री एक-दोन फायली मी हाताने दुरुस्त करून नव्यात आणतो. 2004 चा मार्च संपत आलाय. ह्या वेगाने मी निवृत्त होईपर्यंत 2013 गाठेन.

पण त्याची हार्ड डिस्क आता कट-कट आवाज करते. म्हणून तुझ्याकडे काम आहे. तुझ्या त्या कपाटात विंडोज 7 ची 32 बिटची डीव्हीडी होती, ओरिजनल, निळ्या डबीतली. आहे का बघ. आणि एखादी जुनी साटा डिस्क पडली असेल तर तीही. येत्या शनिवारी वहिनींना घेऊन ये, एक दिवस राहा. कुंजविहारचा वडापाव मी खाऊ घालतो, डिस्क तू बदल. दादा तुझी आठवण काढतात, "तो फ्लॉपीवाला" म्हणून. येताना तुझा लॅपटॉप आणणार असलास तर घरूनच अपडेट करून आण, मागच्या खेपेला आमच्या वायफायवर तो दोन तास गोल फिरत बसला होता.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद (रफार तपासला आहे).

तुझा,
सुध्या

ता.क. परवा 11 तारखेला महिन्याचा दुसरा मंगळवार आहे, मायक्रोसॉफ्टचा पॅच सोडायचा दिवस. तिकडे अमेरिकेत त्यांची सकाळ होते तेव्हा आपली रात्र असते, म्हणजे पॅच आपल्याकडे उतरणार बुधवारी पहाटे. शनिवारचं नक्की करायला फोन कर, पण बुधवारी दुपारपर्यंत करू नकोस.