राणीछाप रुपया घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातील अनेक घरांत देवघरातले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेले चांदीचे रुपये बाहेर निघतात, चिंचेने किंवा रांगोळीने घासून लख्ख केले जातात आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडले जातात. पूजेबद्दल माझी तक्रार नाही, घासण्याबद्दल आहे. कारण यातलेच रुपये पुढे कधीतरी विकायला निघतात आणि मग एवढ्या चकचकीत नाण्याला केवळ चांदीचा भाव कसा, असे विचारले जाते.

उत्तर त्या चकाकीतच आहे. टाकसाळीत ठशाच्या दाबाखाली धातू सरकताना नाण्यावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यामुळे कोरे नाणे उजेडात फिरवले की त्यावरचा प्रकाशही फिरतो. ही झळाळी एकदा घासली गेली की कशानेही परत येत नाही आणि भिंगाखाली दिसणारे ओरखडे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेला काळसर थर त्यापेक्षा कितीतरी बरा.

हाताळणीची झीज उंच भागापासून सुरू होते. व्हिक्टोरियाचा गाल आणि मुकुटाची नक्षी आधी सपाट होते, सन मागाहून. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि १९१२ मध्ये तो बदलावा लागला. ज्या नाण्यावर हा वादग्रस्त प्राणी पायांसकट स्पष्ट आहे आणि ज्यावर त्याचा नुसता गोळा उरला आहे, त्या दोघांना एकच किंमत कशी मिळावी? अर्थात १९३९ च्या रुपयासारखे दुर्मीळ नाणे झिजले तरी मोल राखून असते. उरलेल्यांपैकी जी फार झिजली, ती ११.६६ ग्रॅमचा मूळ तोळाही पुरा भरत नाहीत.

शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचा, हिशेब वेगळा आहे. ती हाताने पाडलेली, शिवाय तांब्याची चकती बहुधा ठशापेक्षा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे एकाच नाण्यावर पूर्ण सापडणे कठीण. कडेला तुटलेले अक्षर झिजलेले नसते, ते मुळात उमटलेलेच नसते. जुन्या बाजारात भाव करताना हा फरक विक्रेत्यालाही सांगावा लागतो. शाळकरी वयात मीही आजोबांच्या शिवराईला चिंच लावली होती. तिचा तो एकसारखा तपकिरी रंग पन्नास वर्षांत परतलेला नाही, आले आहेत ते नुसते डाग.

पूजेत नाणे हवेच असेल, तर पंचामृत सराफाकडच्या नव्या नाण्याला घालावे आणि राणीला कोरडीच ताटात बसवावी.

आपला,
एक नाणेसंग्राहक,
नारायण पेठ, पुणे