आरोग्य पुरवणीत वावरातल्या कमरेलाही जागा द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत बसण्या-उठण्याच्या पोश्चरवर लेख आला होता, खुर्ची कशी असावी, लॅपटॉप किती उंच ठेवावा वगैरे. चांगला होता. पण आमच्या गावात खुर्ची म्हणजे ग्रामपंचायतीतली, आणि तिच्यावर बसणाऱ्याची कंबर दुखल्याचं अजून कोणाच्या ऐकण्यात नाही. कंबर दुखते ती तण निंदणाऱ्या अन कापूस वेचणाऱ्या बायांची, त्यांच्याबद्दल कोणी लिहीतच नाही.

वेचताना कापूस ठेवायला कापडाची झोळी, म्हणजे ओटी, पोटावर बांधतात, ती भरत जाते तसं वजन समोर ओढतं अन ते पेलायला पाठीच्या स्नायूंना मागून त्याहून कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, त्यात बाई दिवसभर अर्धी वाकलेली. म्हणून ओटी गच्च भरायच्या आधीच रिकामी केलेली बरी. खूप वेळ वाकून राहिलं की मणक्याला धरून ठेवणारे बंध ताणून सैल होतात, लगेच परत आवळत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच आपण गाठोडं उचलतो, मग उसण भरते. आधी जरा उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, थोडं मागं झुकावं, मग गुडघ्यात वाकून गाठोडं अंगाशी धरून उचलावं. याला पैसे लागत नाहीत.

फवारणीच्या पंपाचंही तेच. १६ लिटरचा पंप म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो, अन पोरं पट्टे ढिले सोडतात, कोणी तर एकाच खांद्यावर अडकवतो. पट्टे आवळून पंप पाठीला चिकटवला तर ओढ कमी बसते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना बुटक्या दांड्याच्या कुदळीनं वाकून काम करायला लावायचे, पाठी कामातून गेल्या तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७५ मध्ये ती कुदळच बंद झाली. आपल्याकडे सायकल डवरा आहे की, चाकाचं, हातानं ढकलून तण काढायचं अवजार, उभ्यानं चालतो. झाडाजवळचं तण त्यानं निघत नाही हे खरं, पण पिकाच्या दोन ओळींमधलं तर निघतं. तरी बाईच्या हातात खुरपंच, कारण डवरा म्हणे माणसाचं अवजार!

आणि रोज संध्याकाळी दुकानातून दुखीची गोळी घेऊन उपाशीपोटी खायची, हे पण छापा की त्यानं पोट अन किडनी बिघडते. पायात मुंग्या, बधीरपणा असेल तर मालिश करत बसू नये, दवाखाना गाठावा.

दसऱ्यानंतर वेचणी जोरात सुरू होते, त्याच्या आधी एखादा लेख येऊ द्या. फोटो शेतातला टाका, अन अक्षर जरा मोठं ठेवा.

– एक वाचक, जि. यवतमाळ